खाचेत न बसलेला तुकडा

घरपट्टीचं बिल आलं की या घरात आधी काच कापली जायची आणि मग भांडणं व्हायची. या वर्षी क्रम चुकला. भांडण शुक्रवारीच जिन्यात उरकलं होतं, त्यामुळे रविवारी दुपारी सगळे खाली कारखान्यात जमायला लागले तेव्हा बोलायला सुरुवात कुठून करावी ते कुणालाच कळेना.

कारखाना म्हणजे तळमजला. मधे जाड कापड अंथरलेलं लांब टेबल, भिंतींना टेकून उभ्या केलेल्या काचा, कोपऱ्यात फुटक्या तुकड्यांचं पिंप. थोरला भाऊ बाबांच्या मागे इथेच आरसे आणि खिडक्यांच्या काचा कापत आला होता, आणि त्याची बायको, थोरली, गिऱ्हाइकं सांभाळत आली होती. कारखान्याच्या मागच्या खोल्यांत ते दोघं राहायचे. मधल्या मजल्यावर ताई, दोघा भावांच्या मधली बहीण. ती कवळ्या बनवायची. शहरातले तीन दंतवैद्य तिला जबड्यांचे साचे पाठवत आणि ती त्यांवर दात बसवून परत पाठवत असे. बोलणाऱ्याचे शब्द ऐकायच्या आधी ती त्याचे दात बघते असा घरात समज होता, आणि तो खरा होता. सगळ्यांत वर धाकटा आणि त्याची बायको. धाकटा नगरपालिकेत निवडून आलेला सभासद होता. त्याचा मजला नंतर बांधलेला, खिडक्या मोठ्या, आणि तिथून नदीकाठचा टॉवर पायथ्यापासून दिसायचा. खालच्यांच्या वाट्याला टॉवरची फक्त सावली यायची, तीही दुपार कलल्यावर.

बिल तिन्ही मजल्यांना मिळून एकच यायचं आणि ते वाटायची रीत बाबांची होती. टेबलाच्या कडेला हातभर लांबीची एक लाकडी खाच होती. खाचेत बरोबर बसेल अशी एक काच घ्यायची. पूर्ण काच म्हणजे पूर्ण बिल. ज्याचा जेवढा वाटा तेवढा तुकडा कापून त्याच्या हातात द्यायचा. तो त्याने आपल्या खिडकीत ठेवायचा, म्हणजे येता-जाता डोळ्यांसमोर राहील, आणि पैसे द्यायला खाली येताना सोबत आणायचा. सगळे तुकडे परत खाचेत बसले की बिल भरायला जायचं. बाबांचा कागदावर विश्वास नव्हता असं नाही. त्यांच्या हातून कागद हरवायचे, काच हरवत नसे. फार तर फुटायची, आणि मग ते सगळ्या घराला ऐकू जायचं.

थोरल्याने सकाळीच काच कापून, कडा घासून ठेवली होती. खाचेत दोन सारखे तुकडे एकमेकांना खेटून बसले होते, एक त्याचा आणि एक ताईचा. घरात मजले तीन असताना तुकडे दोनच का, हे विचारायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. ते विचारलं जात नसे इतकंच.

थोरलीने चहाचे पेले टेबलाच्या कोरड्या बाजूला ठेवले. बिल तिने चष्म्याच्या डबीखाली दाबलं होतं. गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त आकडा होता. खाच मात्र काही वाढलेली नाही, तिच्या मनात आलं.

"घे तुझा," थोरला ताईला म्हणाला.

ताईने मांडीवरचे हात उचलले नाहीत. तिच्या नखांत नेहमीसारखं पांढरं प्लास्टर होतं.

"नाही घेत, दादा. मंगळवारी सही करतेय. पुढचा मालक घेईल."

"कसली सही?" शुक्रवारचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने पेल्याकडे.

"मजल्याची. दलाल येऊन माप घेऊन गेला. टॉवरवाल्यांना जवळपास कार्यालयासाठी जागा हवी आहे."

"म्हणजे त्यांची माणसं आपल्या जिन्यातून ये-जा करणार?"

"जिना सामाईक आहे, करतील."

"आणि तू कुठे जाणार?"

"बसच्या शेवटच्या थांब्याकडे खोल्या स्वस्त आहेत म्हणतात. बघेन." ताईने चहाचा पेला जवळ ओढला पण प्यायली नाही. "अरे, या बिलाचं निम्मं म्हणजे माझी सहा महिन्यांची कमाई. दातावर मारायला पैसा नाही माझ्याकडे, आणि हे मी म्हणतेय, जिचं आयुष्य दातांत गेलं."

थोरला एरवी हसला असता. आज त्याने टेबलावरच्या कापडाची सुरकुती हाताने सरळ केली.

शुक्रवारी जिन्यात थोरलीने ताईला नाही नाही ते ऐकवलं होतं. घर फोडतेस, स्वतःपुरतं बघतेस, असं बरंच. तिला ताई कधी फारशी आवडली नव्हती. पण वर ताईच्या कवळ्या घासायच्या यंत्राची घरघर दिवसभर ऐकू आली नाही तर बरं नाही की काय ते बघायला जिना चढणारी तीच होती. आता ती घरघर कायमची बंद होणार आणि आपण दोन भावांच्या मधे एकटे पडणार, हे तिला शुक्रवारी रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. तोवर बोलून झालं होतं.

"हे सगळं त्या टॉवरपायी," ती म्हणाली.

"टॉवरला नावं ठेवून कसं चालेल?" थोरला म्हणाला. "वर्षभर आपली चूल त्यांच्या न्हाणीघरांतल्या आरशांवर पेटली. धाकट्याने शब्द टाकला म्हणून मिळालं काम. उद्या दुसऱ्या टॉवरला घरपट्टीची माफी मिळाली तर आणखी दोन वर्षं बघायला नको."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर ते बांधणार नाहीत. तसं म्हणालेत."

"पण उद्याचं सगळं भाऊजींच्याच हातात आहे ना?" थोरलीने विचारलं. तेवढ्यात जिन्यात धाकट्याचा आवाज आला.

तो फोनवर बोलत बोलतच खाली उतरला. नगरपालिकेत आठवडाभर दोन्ही बाजूंनी त्याला गाठलं होतं. पहिल्या टॉवरला पंधरा वर्षांची घरपट्टी माफ झाली होती; दुसऱ्यालाही तेवढीच द्यायची की नाही यावर सोमवारी मतदान होतं. मतं समसमान पडत होती, आणि त्याचा हात ज्या बाजूने वर जाईल ती बाजू जिंकणार होती. घरातही हाच विषय निघणार हे तो ओळखून होता. एरवी वाटणीला तो एकटाच यायचा, या वेळी म्हणून त्याने बायकोला सोबत आणलं होतं. धाकटी नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची, सगळ्यांशी हसून बोलायची, आणि तिच्यासमोर घरातले आवाज जरा खाली राहायचे.

"ताई, दलालाला भेटायच्या आधी मला सांगायचं नाही का?" तो टेबलाशी बसत म्हणाला. "वय झालेल्यांसाठी सवलतीचा अर्ज असतो."

"त्याला साठ लागतात. मला अजून वेळ आहे."

"मी बोलतो म्हटलं ना."

"म्हणजे टॉवरला माफी आणि तुझ्या ओळखीने मलाही माफी. मग भरणार कोण? समोरचा चावीवाला?"

उघड्या दारातून समोरचं चावीवाल्याचं दुकान दिसत होतं. रविवार म्हणून फळ्या लावलेल्या होत्या. त्याच्या खालच्या जबड्याचा साचा आठवडाभर ताईच्या मांडणीवर पडून होता, दात बसवायचे बाकी होते.

"चावीवाल्याचा इथे काय संबंध?"

"त्याचंही बिल दुप्पट आलंय. दुकानाला त्याने नवा खिळासुद्धा ठोकलेला नाही. मग त्याचं दुकान एकाएकी एवढं महाग कसं झालं?"

हे धाकट्याने लोकांना इतक्यांदा समजावलं होतं की वाक्यं आपोआप येत. "टॉवर आला म्हणून आपल्या गल्लीचा भाव वाढला. भाव वाढला की घरांचं मूल्य वाढतं, आणि घरपट्टी मूल्यावर बसते. यात वाईट काय आहे? तुझ्या मजल्याला दलाल एवढे देतोय ते त्यामुळेच."

"म्हणजे विकून गेले तर मी श्रीमंत, आणि राहिले तर कंगाल."

थोरलीने तोंडाला पेला लावला. तिला हसू आलं होतं.

"आणि ती नवी शिडी," ताई पुढे म्हणाली. "आगीच्या बंबाची. जुनी सहा मजल्यांपर्यंत पोचायची. या गल्लीत तीनच्या वर कुणाचं घर नाही. मग एवढी उंच शिडी कुणासाठी घेतली, आणि कुणाच्या पैशाने?"

"ताई, त्या जागेवर आधी काय होतं ते आठव. बंद पडलेला साबणाचा कारखाना. आत उंदीर. घरपट्टी शून्य. माफी दिली नसती तर टॉवर नदीपलीकडे गेला असता. तेव्हा शून्य येत होतं, आताही शून्य येतंय. आपलं गेलं काय?"

"उंदरांना रस्ता लागत नव्हता," ताई म्हणाली. "पाणी लागत नव्हतं. शिडीही लागत नव्हती."

"पुरे, ताई," थोरला म्हणाला, पण ते सांगण्यात जोर नव्हता.

धाकट्याला या बोलण्याचा राग येत होता, आणि तो राग प्रामाणिक होता. टॉवरवाल्यांकडून त्याने स्वतःसाठी काही घेतलं नव्हतं. शहर वाढावं असं त्याला मनापासून वाटे. बंद कारखान्याच्या भिंतीवर चढून खेळण्यात त्याचं लहानपण गेलं होतं आणि त्या जागी दिवे लागलेले बघून त्याला अजूनही बरं वाटायचं.

"आणि ही माफी काही जन्मभराची नाही," तो म्हणाला. "त्यांचं बस्तान बसेपर्यंत. नंतर सगळं भरतीलच."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण चुकीचा शब्द उचलला. थोरलीने पेला खाली ठेवला. थोरल्याने मान वळवून भिंतीकडच्या काचांकडे पाहिलं. ताईने मात्र त्याच्याकडेच पाहिलं.

धाकटीला यातलं काहीच लक्षात आलं नाही. तिला फक्त दिसलं की सगळे गप्प झाले, आणि गप्प बसलेल्या माणसांत तिला गुदमरल्यासारखं व्हायचं.

"मी एक सुचवू का?" ती म्हणाली. "आपण आपला वाटा या वर्षी वाढवून घेऊ. तलावाचे तास कमी केलेत तरी माझा पगार आहे, आणि ह्याचं मानधन आहे. तिसऱ्या हिश्श्याऐवजी आपण निम्मं भरू, म्हणजे ताईंवरचं ओझं कमी होईल. आपला तुकडा सकाळीच वर आलाय, खिडकीत आहे. घेऊन येते, म्हणजे दादांना नव्याने कापता येईल."

"राहू दे," धाकटा म्हणाला.

"त्यात काय? आत्ता आणते."

"अगं, राहू दे म्हणतोय ना."

ती गेलीसुद्धा. तिच्या चपला जिन्यावर वाजल्या, ताईच्या दारापाशी क्षणभर थांबल्या आणि पुढे वर गेल्या. ती परत येईपर्यंत खरं काय ते सांगून टाकायला धाकट्याकडे वेळ होता. खाली बसलेल्या तिघांना ते ठाऊकच होतं, सांगायचं तिलाच होतं, आणि जिन्यात गाठून दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्याने फोन उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

धाकटी तुकडा दोन्ही हातांत आडवा धरून उतरली. काच कशी धरायची ते तिला या घरात येऊनच कळलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने तिला बाबांची ही रीत सांगितली होती आणि तिला ती भारी आवडली होती. तलावावरच्या मैत्रिणींना तिने कितीदा तरी सांगितलं होतं, आमच्याकडे घरपट्टी काचेने वाटतात. दर वर्षी तुकडा खिडकीत आला की ती तो रोज पुसायची, आणि एक दिवस तो तिथे नसला की बिल भरलं असं समजायची.

तिने तुकडा खाचेपाशी आणला. खाच भरलेली होती. आधीचे दोन तुकडे नीट बसले नसतील असं समजून तिने ते बोटाने सरकवून पाहिले. ते इकडचे तिकडे झाले नाहीत.

"हा कुठे बसवायचा?" तिने विचारलं.

मग थोरल्याने उत्तर दिलं, ते केवळ काचेबद्दल विचारलं म्हणून.

"तो यातला नाही. ती खिडकीची काच आहे, पातळ. बिलाला मी आरशाची जाड घेतो."

"या वर्षी चुकून झालं का असं?"

"नाही."

धाकटीने तुकड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. खाचेतल्या दोघांच्या कडा घासलेल्या होत्या. हिच्या खरबरीत होत्या, आणि दर वर्षी तशाच असत. तिला ते आता आठवलं. ती नवऱ्याकडे वळली.

"पिंपातून काढलास?"

"हो."

"दर वर्षी?"

"हो," धाकटा म्हणाला. "तू नवीन होतीस तेव्हा. तुला वाटलं असतं की आपल्याला या घरात वाटाच नाही. आणि मग पुढे तेच चालू राहिलं."

"भाऊजींवर तेव्हा वरच्या मजल्याचं कर्ज होतं," थोरली म्हणाली. तिने हे कुणाची बाजू घ्यायला सांगितलं नाही, बरीच वर्षं तोंडाशी येऊन राहिलेलं होतं ते बाहेर आलं. "बाबा म्हणाले, पाच वर्षं याचा तुकडा कापू नका, बस्तान बसू दे. आम्ही दोघांनी वाटून घ्यायचं, आम्ही आणि वन्संनी. तिसऱ्या वर्षी बाबा गेले."

"आणि पाच वर्षं झाल्यावर?"

"कुणी आठवण करून दिली नाही."

"आठवण सगळ्यांना होती," ताई म्हणाली.

धाकटीने लग्नापासूनची वर्षं मनात मोजली. चौदा भरली. तिने थोरल्याकडे पाहिलं. "दादा, तुम्ही का नाही मागितलंत?"

"सख्ख्या भावाकडे काय मागायचं," थोरला म्हणाला. थोडं थांबून त्याने पुढचंही सांगितलं. "नंतर त्याने आरशांचं काम आणलं. मग तर मागायला तोंडच राहिलं नाही."

"मी दर वर्षी म्हणायचे यांना," थोरली म्हणाली.

"म्हणायचीस," थोरल्याने कबूल केलं.

"आणि ताई, तुम्ही?"

"याला मी कडेवर घेऊन वाढवलाय," ताई म्हणाली. "मागायची लाज वाटायची. न देण्याची लाज त्याला वाटायला हवी होती, वाटत होती मला."

धाकटा टेबलावरच्या कापडाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी चोरी पकडली गेली की असेच व्हायचे, आणि ताईला ते बघून त्या क्षणीही त्याची दया आली, जी तिला नको होती.

धाकटी कोपऱ्यात गेली आणि तिने तुकडा पिंपात सोडला. आवाज झाला. "याच्यावरची धूळ पुसत होते मी," ती म्हणाली, आणि परत येऊन नवऱ्याशेजारी न बसता ताईच्या बाकावर बसली. बाक दोघींना पुरला.

यानंतरचं सगळं पटापट झालं. घरातल्या माणसांना एकदा चूक सापडली की ती दुरुस्त करायची घाई होते.

"मी देतो," धाकटा म्हणाला. "या वर्षीपासून तिसरा हिस्सा. मागचंही देतो, हप्त्यांनी."

"मागचं नको," ताई म्हणाली.

"का नको?" थोरली म्हणाली. "वन्सं, तुम्हाला नको असेल. आम्हाला हवंय."

थोरला पहिल्यांदाच हसला. धाकटाही हसला, जरा उशिरा, आणि ताईलाही हसू आवरलं नाही.

"मग मजला विकायचा नाही," धाकटीने तिला बजावलं. "दलालाला मी सांगू का?"

"मी सांगेन."

ताईने मनातल्या मनात हिशोब केला. निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा, वर मागचे हप्ते. जमत होतं. म्हणजे आपण इथेच राहणार, आपल्या खिडकीशी बसणार, त्या खिडकीतल्या उजेडातच दातांचा रंग बरोबर जुळतो. तिला इतकं हलकं वाटलं की रडू येईल की काय अशी भीती वाटली. गेले पंधरा दिवस ती बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन खोल्या बघत होती, आणि एकाही खोलीत असा उजेड नव्हता.

"चला," धाकटा पेला उचलत म्हणाला. "मिटलं एकदाचं."

ताईने ते ऐकलं. तिला आवडलं नाही, पण लगेच बोलावंसंही वाटलं नाही.

थोरल्याने भिंतीकडची एक जाड काच आणून टेबलावर पसरली, खाचेच्या मापाने पट्टी लावून तिच्यातून एक लांब तुकडा कापला आणि मेणाच्या खडूने दोन खुणा केल्या. मग काच कापायची हिरकणी त्याने धाकट्यापुढे धरली.

"तुझा तू काप. बाबांनी शिकवलंय तुला."

"दादा, किती वर्षं झाली."

"एका दमात ओढायची, एवढंच आहे. मधे हात थांबला की काच आपल्या मनाने जाते."

धाकट्याने बाह्या वर केल्या. त्याने हिरकणी खुणेवर टेकवली तेव्हा सगळ्यांनी आपोआप माना पुढे केल्या, बाबा कापायचे तेव्हा करायचे तशा. हिरकणी करकरली.

"उद्या हात वर करणार आहेस का?" ताईने विचारलं. हे आत्ता विचारायचं नाही हे तिला कळत होतं, आणि आत्ता नाही तर आपण विचारणार नाही हेही कळत होतं. "चावीवाल्याच्या घरात वरच्या मजल्यावर सभासद राहत नाही. त्याला हप्त्यांनी कोण परत देणार?"

धाकट्याचा हात थांबला.

त्याने काच दाबली तेव्हा ती खुणेवर तुटली नाही. चीर तिरकी धावत गेली आणि सुऱ्यासारखा एक लांब टोकदार तुकडा टेबलावर राहिला. धाकटा हात मागे घेऊन उभा होता. लागलं कुणालाच नव्हतं.

"कापताना बोलू नये," थोरला ताईला म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. फुटकी काच त्याने उचलली, पिंपात टाकली, दुसरी आणली आणि स्वतःच कापली. तिन्ही तुकड्यांच्या कडा त्याने एकेक करून घासल्या. त्याला बराच वेळ लागला. धाकटीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, तो प्रश्न तिच्याही डोळ्यांत होता, पण त्या दुपारी तिला स्वतःचंच गिळायला पुष्कळ होतं.

थोरल्याने ताईच्या हातात तिचा तुकडा ठेवला. नेहमीपेक्षा आखूड, हाताला हलका. तिला पुन्हा विचारता आलं असतं. धाकटा समोरच होता, आणि त्याने अजून उत्तर दिलेलं नव्हतं. तिने तुकड्याच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं, उठली, आणि चहा गार झाल्याचं थोरलीला सांगून वर गेली.

सोमवारी धाकट्याने हात वर केला. दुसऱ्या टॉवरची माफी एका मताने मंजूर झाली. मंगळवारी ताईने दलालाला नाही म्हणून सांगितलं. बुधवारी धाकटा आणि धाकटी पैसे घेऊन खाली आले आणि या घरात पहिल्यांदाच धाकट्याचा तुकडा सगळ्यांच्या आधी खाचेत बसला. थोरल्याने दुसऱ्या टॉवरसाठी लागतील म्हणून जाड काचांची चौकशी सुरू केली. थोरली ताईसाठी वर चहा घेऊन गेली आणि शुक्रवारच्या बोलण्याचं नाव न काढता तिच्याशी तासभर बोलत बसली.

गुरुवारी सकाळी चावीवाला जिना चढून आला. दारातच थांबला, कारण त्याच्या बोटांना नेहमी तेल असायचं आणि ताईकडे सगळं पांढरं.

"ताई, ते दातांचं सध्या राहू द्या," तो म्हणाला.

"साचा चांगला आलाय. दातही निवडून ठेवलेत."

"ठेवा बाजूला. वरचे आहेत अजून, खालचेही थोडे आहेत. भागतंय." त्याने बाहीला बोटं पुसली. "बिल भरायचंय आधी. दुकानात मधे भिंत घालून मागचा भाग कुणाला तरी देऊन टाकावा म्हणतोय. चाव्यांना कितीशी जागा लागते?"

त्याची नजर खिडकीकडे गेली. तिथे काचेचा आखूड तुकडा उन्हात पडला होता. तो काय आहे हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

"तुम्ही विकताय असं ऐकलं होतं."

"नाही विकत आता."

"कसं जमवलंत? म्हणजे सांगण्यासारखं असेल तर. मलाही काही करता आलं तर बघतो."

"घरात वाटून घेतलं," ताई म्हणाली.

चावीवाल्याने मान हलवली. त्याला ते पटलं, आणि आपल्या उपयोगाचं नाही हेही कळलं. तो एकटाच राहायचा.

"बरं झालं," तो म्हणाला. "तुमचा धाकटा गुणी आहे हो. परवा रस्त्यात थांबून माझी विचारपूस केली त्याने. एवढा मोठा झाला पण ओळख विसरला नाही."

तो मनापासून बोलत होता. टोमणा मारणारा माणूस नव्हता तो. ताईने सवयीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, खालच्या रांगेत उरलेल्या दातांकडे.

"हो," ती म्हणाली. "गुणी आहे."

तो खाली उतरून, गल्ली ओलांडून दुकानात शिरेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग तिने त्याचा साचा उचलला आणि मांडणीवर सगळ्यांत मागे सरकवला.